पुढच्या भागात आठवतं का?

‘सायन्स फिक्शन मालिकांमध्ये हल्ली फार राजकारण घुसडतात’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिला उत्तर द्यायलाच हवं असं वाटू लागलंय. ऑफिसातला अमेरिकन सहकारी ती करतो, पुण्यातला मावसभाऊ करतो आणि शनिवारी पॉटलकला जमलेली आपली मराठी मंडळीही करतात. सूर एकच. पूर्वी कसं छान होतं, यानं होती, परग्रहवासी होते, मारामारी होती. आता प्रत्येक एपिसोडमध्ये कुणीतरी भाषण ठोकतं. आठवडाभर काम करून दमलेल्या माणसाला दोन घटका करमणूक हवी असते, तिथंही हे लोक शिकवणी घेतात.

तक्रारीचा अर्धा भाग मला मान्य आहे. भाषणं कंटाळवाणी असतात, मग ती माझ्या मताची का असेनात. पण ‘पूर्वी राजकारण नव्हतं’ हा उरलेला अर्धा भाग साफ खोटा आहे. आणि खरा प्रश्न राजकारण आहे की नाही हा नाहीच. मालिका जे मूल्य सांगते, त्यासाठी तिचे निर्माते काय पणाला लावतात, हा प्रश्न आहे. हे तपासायला माझ्याकडे एक साधी मोजपट्टी आहे : या भागात जे घडलं, ते पुढच्या भागात कुणाला आठवतं का?

सुरुवात अर्थातच ‘स्टार ट्रेक’पासून. ८ सप्टेंबर १९६६ ला ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही लागायची, त्यामुळे तुमच्यातल्या काहींचे काका-मामा टोकदार कानांच्या स्पॉकला चांगलेच ओळखत असतील. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, अमेरिकेत कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर, रशियाशी शीतयुद्ध. आणि अशा वेळी जीन रॉडनबेरीने यानाच्या ब्रिजवर कोणाला बसवलं? संपर्क अधिकारी म्हणून उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री. सुकाणूवर जपानी वंशाचा सुलू, ज्याची भूमिका करणारा जॉर्ज टाकेई दुसऱ्या महायुद्धात लहानपणी आईवडिलांसोबत अमेरिकेच्याच छावण्यांमध्ये कैदेत राहिला होता. दुसऱ्या सीझनपासून चेकॉव्ह हा रशियन तरुण. ज्याला हे राजकारण वाटत नाही, त्याने त्या काळची वर्तमानपत्रं वाचलेली नाहीत.

उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनी थांबायला सांगितलं, ही आठवण त्या स्वतः सांगायच्या. पुढं सत्तरच्या दशकात ‘नासा’ने स्त्रिया आणि अल्पसंख्याकांना अंतराळवीर म्हणून भरती करायची मोहीम काढली, तेव्हा निकोल्स तिच्यात उतरल्या. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, मे जेमिसन, उहुराला आपली प्रेरणा मानतात. एका खुर्चीवर कोण बसतं, याला एवढं वजन असू शकतं.

पण खुर्चीपाशीच थांबलं तर हिशेब अर्धवट राहतो. एनबीसीने नाकारलेल्या पहिल्या पायलट एपिसोडमध्ये यानाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकार एका स्त्रीकडे होता; दुसऱ्या पायलटमध्ये ते पात्रच राहिलं नाही. २२ नोव्हेंबर १९६८ च्या भागात कर्क आणि उहुरा यांचं गाजलेलं चुंबन आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, म्हणजे धाडस नक्कीच होतं. पण गंमत बघा, परग्रहावरचे शक्तिमान लोक दोघांकडून ते जबरदस्तीने करवून घेतात. धाडसाचा विमा आधीच उतरवलेला! आणि पुढच्या आठवड्यात? काहीच नाही. दोघं आपापल्या जागी, जणू काही घडलंच नाही.

मूळ ‘स्टार ट्रेक’ची हीच मर्यादा होती. कर्क एखाद्या ग्रहावर उतरतो, तिथली जुलमी राजवट उलथवतो, दोन वाक्यं बोलतो आणि निघून जातो. त्या ग्रहावर दुसऱ्या दिवशी दळण कुठून आलं, नवा कोतवाल कोण झाला, विचारायची सोय नाही. आमच्या पिढीच्या लहानपणी, १९९८ मध्ये, दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायचं. पळालेले गुन्हेगार एकेक करून पकडायचे, पुढचा गुन्हेगार, पुढचा एपिसोड. मिलिंद सोमणचा तो पोशाख आठवतो. व्योमला कशाचा पश्चात्ताप झाला होता का, ते काही आठवत नाही.

आमच्या धंद्यात याला एक शब्द आहे : स्टेटलेस. सर्व्हरकडे विनंती येते, तो उत्तर देतो आणि विसरून जातो. आधी कोण आलं होतं, काय मागितलं होतं, काही लक्षात ठेवत नाही. हे फार सोयीचं असतं. कुठलाही सर्व्हर कुठलीही विनंती हाताळू शकतो, एक बंद पडला तर दुसरा लावता येतो. अमेरिकन टीव्हीचा धंदाही बराच काळ याच तत्त्वावर चालला. मालिकेचे भाग शहरोशहरीच्या स्थानिक वाहिन्यांना विकायचे, त्यांनी ते कुठल्याही क्रमाने दाखवायचे. प्रेक्षकाचा एखादा आठवडा चुकला तरी बिघडायला नको. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं पूर्ववत. रिसेट.

आता यातलं राजकारण बघा. जिथं कालचं काही आठवतच नाही, तिथं कुणी कुणाला जबाबदार धरणार? नायक नेहमीच चांगला, कारण त्याने काल काय केलं याची नोंदच नाही. भाषण कितीही उदात्त असो, स्मरणशक्ती नसलेल्या मालिकेत त्याची किंमत चुकवावी लागत नाही. म्हणून मला वाटतं, टीव्हीवरच्या सायन्स फिक्शनमध्ये खरं राजकीय धाडस आणि खरं कलात्मक धाडस ही एकच गोष्ट आहे : रिसेटचं बटण काढून टाकणं.

त्या बटणाला पहिला हात १९९० मध्ये लागला. ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेत कॅप्टन पिकार्डला शत्रूने यंत्रमानव बनवून त्याच्याच माणसांविरुद्ध वापरलं. तो सुटला. नेहमीच्या पद्धतीने पुढच्या भागात नवा ग्रह यायला हवा होता. त्याऐवजी लेखक रोनाल्ड मूर यांनी पिकार्डला फ्रान्समधल्या भावाच्या घरी पाठवलं. अख्ख्या एपिसोडमध्ये यानाच्या ब्रिजवरचा एकही प्रसंग नाही. द्राक्षाच्या मळ्यात, चिखलात भावाशी मारामारी करता करता हा माणूस रडतो. परग्रहवासी नाहीत, लढाई नाही, फक्त झाल्या गोष्टीची आठवण. मूर यांचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

मग आली ‘डीप स्पेस नाइन’, १९९३ ते १९९९. होस्टेलवर एका हार्ड डिस्कवरून दुसऱ्या हार्ड डिस्कवर फिरत ती माझ्यापर्यंत पोचली होती. ही मालिका यानावर घडत नाही, एका अंतराळ स्थानकावर घडते. हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. यान निघून जाऊ शकतं, स्थानक नाही. शेजारी बेजोर नावाचा ग्रह, जो नुकताच दीर्घ परकीय सत्तेतून सुटलाय. कालचे जुलमी, कालचे बंडखोर, कालचे फितूर, सगळे एकाच बाजारात भाजी घेतात. पळून जायला जागा नाही म्हटल्यावर आठवणी ठेवाव्याच लागतात. स्थानिक वाहिन्यांना विकल्या जाणाऱ्या मालिकेत हळूहळू अनेक भागांची सलग गोष्ट सांगणं हे धंद्याच्या दृष्टीने उलटं पोहणं होतं.

एप्रिल १९९८ मधल्या एका भागात स्थानकाचा प्रमुख सिस्को एका तटस्थ साम्राज्याला युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा बनवून घेतो. लाच, बनावट, शेवटी खून. हे सगळं तो कॅमेऱ्याकडे बघत आपल्या रोजनिशीत कबूल करतो, आणि शेवटी संगणकाला ती नोंद पुसून टाकायला सांगतो. म्हणजे रिसेटचं बटण नायक स्वतःच्या हाताने दाबतो. पण आपण ते पाहिलेलं असतं. ते साम्राज्य पुढं मालिका संपेपर्यंत युद्धात राहतं, आणि जिंकण्याच्या आनंदात प्रेक्षकाच्या घशात काटा राहतो. कुणी भाषण देत नाही. ‘युद्धात खोटं बोलणं वाईट असतं’ असं एकही पात्र म्हणत नाही.

याच मालिकेतली एक जोडगोळी मला बे एरियात राहायला आल्यावर वेगळीच भिडली. जानेवारी १९९५ मध्ये दाखवलेले हे दोन भाग घडतात २०२४ च्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला. सिस्को, डॉक्टर बशीर आणि डॅक्स चुकून भूतकाळात येऊन पडतात. सिस्को कृष्णवर्णीय. बशीरचं काम करणारा अलेक्झांडर सिद्दिग सुदानमध्ये जन्मलेला. डॅक्स दिसायला गोरी तरुणी. तिघांकडेही ओळखपत्र नाही. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या डॅक्सला एक श्रीमंत उद्योजक उचलतो, नवं ओळखपत्र काढून देतो, पार्टीला नेतो. त्याच शहरात, त्याच दिवशी, सिस्को आणि बशीरला बंदूकधारी रक्षक भिंतीआडच्या वस्तीत ढकलतात, जिथं बेघर, बेकार आणि मनोरुग्ण कोंडलेत. रांगा, फॉर्म, ‘उद्या या’. वर्णाचा विषय एकही पात्र काढत नाही, आणि काढायची गरजही पडत नाही.

हे भाग तयार होत असतानाच लॉस एंजेलिसमध्ये बेघरांसाठी कुंपण घातलेली जागा करायचा प्रस्ताव वर्तमानपत्रात छापून आला होता. लेखकांनाही धक्का बसला होता म्हणे. आणि मग खरं २०२४ उजाडलं. २८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की, झोपायला दुसरी जागा नसली तरी उघड्यावर मुक्काम ठोकणाऱ्यांना शहरं दंड-शिक्षा करू शकतात. २५ जुलैला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तंबू हटवण्याचा आदेश काढला. ऑगस्टमध्ये स्टेशनवरून ऑफिसला चालत जाताना माझ्या रस्त्यावरचे तंबू एकेक करून कमी होत गेले. माणसं कुठं गेली, ते आमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही. मीही नाही. फूटपाथ मोकळा झाला, एवढंच सगळ्यांनी म्हटलं.

कुणी म्हणेल, मालिकेने भविष्य ओळखलं, काय कमाल! मला त्यात फारशी कमाल वाटत नाही. त्यांनी भविष्य नाही, वर्तमान नीट पाहिलं होतं. या भागांची खरी ताकद पुन्हा परिणामात आहे. त्या वस्तीतल्या उठावात जो माणूस ओलिसांचा जीव वाचवताना मरायला हवा, तो आधीच मरतो, तेही या दोघांच्या येण्यामुळे. इतिहास विस्कटतो. तो सांधायला सिस्कोला त्या माणसाचं नाव घेऊन तिथं थांबावं लागतं. दोन वाक्यं बोलून निघून जाण्याची सोय त्याला नाही.

त्याच मालिकेचा फेब्रुवारी १९९८ चा आणखी एक भाग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. यात सिस्कोला दृष्टान्त होतो की तो १९५३ मधला न्यूयॉर्कमधला एक कृष्णवर्णीय लेखक आहे. विज्ञानकथांच्या मासिकात नोकरी करतो. तो अंतराळ स्थानकाची गोष्ट लिहितो, प्रमुख कृष्णवर्णीय. संपादक म्हणतो, गोष्ट उत्तम आहे, पण वाचक स्वीकारणार नाहीत. तडजोड निघते की हे सगळं एका गरीब माणसाला पडलेलं स्वप्न होतं असा शेवट करायचा. लेखक तेही मान्य करतो. तरीही मालक अख्खा अंक रद्दीत घालतो आणि त्याला नोकरीवरून काढतो. या भागाचं दिग्दर्शन सिस्कोचं काम करणाऱ्या एव्हरी ब्रूक्स यांनीच केलंय. अंक छापणारे कसे घाबरतात, हे त्यात फार बारकाईने दाखवलंय. संपादक दुष्ट नाही. तो फक्त ‘वाचकांचं’ नाव पुढं करतो.

हे वाक्य आपल्यालाही अनोळखी नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळाने दिवाळीसाठी एकांकिका मागवल्या होत्या. माझ्या मित्राने एक संहिता दिली. चंद्रावरची वसाहत, तिथं काम करणारं एक मराठी जोडपं, कंपनी बंद पडते आणि ६० दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर वसाहत सोडायची. कशाबद्दल आहे हे एच-वन व्हिसावरच्या कुणालाही सांगायला नको. निवड समितीने कौतुक केलं. मग म्हणाले, दिवाळीत लोकांना हे कशाला, देणगीदारही समोर बसलेले असतात. शेवटच्या प्रवेशात त्यांना परवाना मिळतो एवढं करा, मग घेऊ. मित्राने केलं नाही. शेवटी आम्ही ती एकाच्या गराजमध्ये तीसेक जणांसमोर केली. प्रयोगानंतर एका गृहस्थांनी खुर्च्या आवरायला मदत केली. आम्ही त्यांना नीट ओळखतही नव्हतो. निघताना म्हणाले, ‘माझा आज ४१ वा दिवस. सांगलीला आईबाबांना अजून सांगितलेलं नाही.’

आणि आपण कोणत्या भाषेचे लोक आहोत? १९७२ या एकाच वर्षात जिच्या रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ आले, त्या भाषेचे. एकावरून सेन्सॉरशी कोर्टात भांडण झालं, दुसऱ्यावरून संस्था फुटली, पण प्रयोग झाले. राजकारण नको म्हणणारा प्रेक्षक तेव्हाही होता. त्याला विचारून नाटकं लिहिली गेली नाहीत, आणि आज तोच प्रेक्षक अभिमानाने त्यांची नावं घेतो.

मूर यांच्याकडे परत येऊ. ‘डीप स्पेस नाइन’नंतर त्यांनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने केली. ऑक्टोबर २००६ मध्ये तिचा तिसरा सीझन सुरू झाला तेव्हा अमेरिकेच्या फौजा इराकमध्ये होत्या, आणि रोज आत्मघाती स्फोटांच्या बातम्या येत होत्या. मूर यांनी काय केलं? यंत्रमानवांनी माणसांची वस्ती ताब्यात घेतलीय, आणि आता आपले नायक आत्मघाती स्फोट घडवतायत. पोलिस भरतीच्या समारंभात बॉम्ब फुटतो, आणि तो आपल्या आवडत्या कर्नलने पाठवलेला असतो. ज्या वर्षी अमेरिकन प्रेक्षकाला हे सगळ्यात नकोसं होतं, त्या वर्षी त्याला दुसऱ्या बाजूला बसवलं. त्याचं उत्तर काय, ते सांगितलं नाही. वस्ती सुटल्यावरही रिसेट नाही. फितुरांना गुपचूप मारणारी न्यायमंडळं बसतात, शेवटी राष्ट्राध्यक्ष सगळ्यांना माफी जाहीर करते आणि ती माफी कुणालाच पचत नाही. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात या मालिकेचे निर्माते आणि कलाकार मानवी हक्क आणि दहशतवाद यांवरच्या चर्चेला बोलावले गेले. भाषणबाजी केली असती तर कुणी बोलावलं नसतं.

याउलट स्वस्त राजकारण कसं असतं? मार्च २०२२ मध्ये ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’च्या चौथ्या सीझनच्या शेवटी पृथ्वीच्या राष्ट्राध्यक्ष म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या स्टेसी एब्रम्स अवतरल्या. अर्ध्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी शिव्या घातल्या. कुणाचंही मत बदललं नाही, कुणाला काही गमवावं लागलं नाही. माझी राजकीय मतं बहुधा त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या जवळची असतील, तरी मला तो प्रसंग पोस्टरसारखा वाटला. तक्रार करणाऱ्यांचं इथं मी ऐकतो.

‘आपलं माणूस’ दिसण्याचंही तसंच. १९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’मध्ये खान नूनियन सिंग आला, भारतीय वंशाचा, पण काम मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांचं. २०१३ च्या सिनेमात तोच खान बेनेडिक्ट कंबरबॅच झाला! ‘द एक्स्पान्स’मध्ये साडी नेसून अस्सल शिव्या देणारी अवसरला आली तेव्हा आमच्या घरी जल्लोष झाला होता, जरी काम इराणी वंशाच्या शोहरे आगदाश्लू यांचं असलं तरी. पण ती मालिका मोठी आहे ती साडीमुळे नाही. लघुग्रहांवर राबणाऱ्या कामगारांना हवा आणि पाणी विकत घ्यावं लागतं, त्यांची हाडं वेगळी वाढतात, भाषा वेगळी घडते, आणि ही गोष्ट मालिका सहा सीझन विसरत नाही, यामुळे. २०१८ मध्ये वाहिनीने ती तीन सीझननंतर बंद केली होती. प्रेक्षकांनी मोहीम चालवली, ॲमेझॉनने ती घेतली, म्हणून उरलेले तीन झाले.

इथं एक रास्त आक्षेप येतो. ॲमेझॉनने कामगारांची व्यथा दाखवायची आणि डिस्नेने बंडाची गोष्ट विकायची, हा ढोंगीपणा नाही का? आहे. २०२२ आणि २०२५ मध्ये आलेल्या ‘अँडोर’चे दोन्ही सीझन मी डिस्नेला पैसे भरूनच पाहिले. पण कोणाच्या पैशाने केलं, यावर कामाची खोली ठरत नाही. ‘अँडोर’मधलं साम्राज्य काळे झगे घालून हसत नाही, ते ऑफिसात बसतं. तिथं मीटिंगा होतात, बढतीसाठी चढाओढ असते, आकड्यांवरून टीम एकमेकींशी झगडतात. तुरुंगात कैद्यांचे गट यंत्राचे भाग जोडतात. सगळ्यात मागे राहणाऱ्या गटाला शिक्षा, पुढच्याला चवदार जेवण. आपण काय बनवतोय ते त्यांना माहीत नसतं. सीझनच्या अगदी शेवटी ते भाग कुठं बसवले जातात ते दिसतं : ग्रह नष्ट करणाऱ्या शस्त्रात. दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपवणाऱ्या, आपल्या कोडचं पुढं काय होतं हे क्वचितच विचारणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरला यापेक्षा राजकीय दृश्य दुसरं नाही. त्यात एकही घोषणा नाही.

मग आपण, म्हणजे परदेशात राहणारी माणसं, या सगळ्यात कुठं बसतो? ‘स्टार ट्रेक’मध्ये एक नियम आहे, प्राइम डायरेक्टिव्ह : दुसऱ्यांच्या ग्रहावर ढवळाढवळ करायची नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी तो न वाचताच पाळलाय. इथं म्हणायचं, ‘आपण पाहुणे, इथल्या राजकारणात कशाला पडा.’ आणि भारताबद्दल बोललो की तिकडून ऐकायचं, ‘तिकडं बसून शहाणपण शिकवू नका.’ दोन्हीकडे तटस्थ! व्हिसावरच्या माणसाने जपून बोलावं यात मला भित्रेपणा वाटत नाही, मीही जपूनच बोलतो. पण कर आपण भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात, घरांच्या किमती आपल्या पगारांनी वाढतात, आणि आपण लिहिलेला कोड इथं-तिथं दोन्हीकडे चालतो. आपण यानातले पाहुणे नाही, स्थानकावरचे रहिवासी आहोत. आपलं केलेलं इथं राहतं.

अशा माणसांना करमणुकीत राजकारण नको वाटणं स्वाभाविक आहे. दिवसभर जे दाबून ठेवलं, ते संध्याकाळी टीव्हीवर कशाला? पण मला वाटतं, नेमकं म्हणूनच हवं. ज्या गोष्टी पॉटलकला बोलता येत नाहीत, फॅमिली ग्रुपवर टाकता येत नाहीत, त्या तीनशे वर्षं पुढच्या माणसांच्या तोंडून निदान घरात बोलल्या जातात.

म्हणून एक सुचवणं. या उन्हाळ्यात आईबाबा इकडे आले असतील किंवा दिवाळीत तुम्ही तिकडे जाणार असाल, तर २०२४ च्या सॅन फ्रान्सिस्कोचे ते दोन भाग एकत्र बसून बघा. मिळून दीड तास. आधीची मालिका पाहिलेली असायची गरज नाही. संपल्यावर मुलांना एवढंच विचारा, तिघांपैकी ती एकटीच पार्टीला कशी पोचली? आणि त्यांनी उलट काही विचारलं, तर उत्तर द्यायची तयारी ठेवा. कुणी म्हणालंच की यात राजकारण आहे, तर हो म्हणा आणि पुढचा भाग लावा.